नव्या वाचकाला एकच भयकथा सुचवायची असेल तर : अल्जर्नन ब्लॅकवुडची 'द विलोज'

काठावरची

मागच्या आठवड्यात 'डार्क फँटसी'वरच्या (अद्भुत आणि भय एकत्र असलेल्या कथांवरच्या) एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "भयकथा कधीच वाचलेल्या नाहीत, सुरुवात कुठून करू?" भराभर प्रतिसाद आले. बहुतेकांनी जाडजूड कादंबऱ्या सुचवल्या, कुणी सिनेमे सुचवले. मी तिथे एका ओळीत 'द विलोज' असं लिहिलं आणि ते गर्दीत वाहून गेलं. एका ओळीत सांगून भागण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून हा वेगळा धागा.

अल्जर्नन ब्लॅकवुड हा इंग्रज लेखक. जन्म १८६९, मृत्यू १९५१. 'द विलोज' पहिल्यांदा छापली गेली १९०७ साली, त्याच्या 'द लिसनर अँड अदर स्टोरीज' या संग्रहात. लांबी साधारण वीस हजार शब्द, म्हणजे आपण जिला दीर्घकथा म्हणू तिच्यापेक्षा जरा मोठी आणि कादंबरीपेक्षा बरीच लहान. एका रात्रीत वाचून होते. इंग्रजी भयसाहित्याच्या अभ्यासकांना ती चांगली माहीत आहे. अमेरिकन भयकथालेखक लव्हक्राफ्टने १९२७ च्या आपल्या प्रदीर्घ निबंधात ब्लॅकवुडच्या कथांमध्ये तिला सगळ्यात वरचं स्थान दिलं होतं. आपल्याकडे मात्र भयकथा आवडीने वाचणाऱ्यांनाही मी विचारते तेव्हा दहातल्या नऊ जणांनी नावसुद्धा ऐकलेलं नसतं.

गोष्ट एवढीच. दोन मित्र उन्हाळ्यात एका हलक्या, अरुंद होडीतून डॅन्यूब नदीने खाली चालले आहेत. एक गोष्ट सांगणारा, दुसरा स्वीडनचा. दोघांनाही नाव नाही. व्हिएन्ना मागे टाकून, प्रेसबुर्गला शिधा भरून ते अशा भागात शिरतात जिथे नदीला एक पात्र उरतच नाही. मैलोन्मैल दलदल, वाळूची बेटं आणि विलोची झुडपं. नदीला पूर आहे, वारा सुटला आहे. मुक्कामासाठी ते एका बेटावर होडी लावतात. बेट जेमतेम एकरभर, तेही नसेल, आणि पाण्याच्या वर दोन-तीन फूट. पुढचं सगळं त्या बेटावर घडतं.

आता विलोबद्दल. शब्दकोशात विलोसाठी वाळुंज सापडेल, आणि ते बरोबरच आहे. वाळुंज त्याच कुळातलं. आमचं गाव कराडच्या अलीकडे, ओढ्याला वाळुंजाची रांग आहे. पावसाळ्यात ओढा चढला की खालच्या फांद्या पाण्यात जातात आणि पाण्याच्या ओढीने सारख्या हलत राहतात. वारा नसला तरी हलतात. लहानपणी मी ते बघायचे तेव्हा झाड स्वतःहून हलतंय असंच वाटायचं. ब्लॅकवुडच्या बेटावरची झुडपं माणसापेक्षा फार उंच नाहीत, त्यांना ताठ खोडही नाही. वाऱ्याबरोबर पानांची चंदेरी बाजू वर येते आणि सगळा प्रदेश हलतोय असं दिसतं. ही झुडपं आपल्याकडे बघताहेत, आपण इथे यायला नको होतं, असं त्या माणसाला वाटू लागतं. आणि तो ते लगेच कबूल करत नाही. मित्रालाही सांगत नाही, स्वतःलाही नाही.

नव्या वाचकाला मी हीच का सुचवते? यात रक्त नाही, किंचाळ्या नाहीत, पछाडलेला वाडा नाही, बदला घ्यायला आलेलं भूत नाही. या सगळ्याची सवय झालेली नसते तेव्हाच ही गोष्ट वाचावी. भीती नुसत्या वाळू, वारा, पाणी आणि एका वल्ह्यातून उभी राहू शकते, हे एकदा अनुभवलं की पुढे वाचलेल्या प्रत्येक भयकथेला तुम्ही वेगळे प्रश्न विचाराल.

एक विनंती. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत वाचू नका. आणि सुरुवातीची दहा-बारा पानं घाईने उलटू नका. तिथे फक्त नदी आहे, पण पुढे येणारं सगळं त्या नदीतूनच येतं.

---

माळरान

वाचनखूण साठवली आहे. कुठे मिळेल?

---

काठावरची

प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आणि कायदेशीर आहे. लेखक जाऊन ६० वर्षं कधीच उलटली, त्यामुळे आपल्याकडेही तिच्यावर हक्क उरलेला नाही. कुणाला मराठीत अनुवाद करायचा असेल तर परवानगीसाठी थांबावं लागणार नाही. कुणीतरी करावा असं मला मनापासून वाटतं.

---

पहिलीओळ

ताई, तो प्रश्न मीच विचारला होता. धागा काढल्याबद्दल आभार. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. १९०७ सालचं इंग्रजी झेपेल का? एक जुनी इंग्रजी कादंबरी शब्दकोश घेऊन वाचायला बसले होते, तीन दिवसांत सोडून दिली.

---

काठावरची

झेपेल. शब्द अवघड नाहीत, वाक्यं लांब आहेत. एक वाक्य चार-पाच ओळी जातं आणि मध्ये दोन-तीनदा वळतं. पहिली दोन पानं मोठ्याने वाच. कानाला त्याची चाल कळली की डोळे आपोआप मागून जातात. होडी, वल्हं, तंबू, वाळू, प्रवाह हे पाच-सहा शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते एकदा बघून ठेवलेस की पुढे अडायला होणार नाही. गावांची नावं पाठ करायची गरज नाही, पण शेजारी नकाशा उघडून ठेव. प्रेसबुर्ग म्हणजे आजचं ब्रातिस्लाव्हा, स्लोव्हाकियाची राजधानी.

---

चष्मेवाली

मी प्रामाणिकपणे वेगळं मत मांडते. दोन वर्षांपूर्वी ही वाचायला घेतली होती आणि पंधराव्या पानाला सोडली. काही घडतच नाही. नदीचं वर्णन, मग वाऱ्याचं वर्णन, मग परत नदी. नव्या वाचकाला हे दिलं तर तो भयकथांपासून कायमचा दूर जाईल असं मला वाटतं. आधी काहीतरी वेगवान द्या, वाचनाची गोडी लागू द्या, मग हे.

---

काठावरची

चष्मेवाली, तुम्ही जिथे सोडलीत तिथून पुढे पाच-सहा पानांवर गोष्ट फिरते. तुम्ही थांबला असतात तर तुमचं मत कदाचित हेच राहिलं असतं, पण कारण वेगळं दिलं असतंत.

काही घडत नाही असं वाटतं, कारण जे घडतं ते खूप लहान असतं. (इथून पुढे मधल्या भागाचं थोडं रहस्य फुटेल. शेवट सांगत नाही.)

पहिली रात्र जाते. सकाळी स्वीडिश मित्र सांगतो की होडीच्या तळाला चीर पडली आहे आणि एक वल्हं नाहीसं झालं आहे. उरलेलं वल्हं निवेदक हातात घेऊन बघतो. ते कुणीतरी अगदी निगुतीने तासून पातळ केलेलं आहे. असं की पाण्यात पहिला जोराचा हात मारला की मोडावं. आता त्या माणसाचं मन कसं चालतं ते बघा. तो म्हणतो, आपल्यापैकी कुणीतरी झोपेत चालत येऊन हे केलं असेल. मग म्हणतो, नाहीतर वाऱ्याने रात्रभर वाळू घासून झिजलं असेल. मित्र तोंड फिरवून किंचित हसतो आणि म्हणतो, तुला सगळ्याचंच स्पष्टीकरण देता येतं.

हे हसणं मला त्या वल्ह्यापेक्षा जास्त लागलं. कारण प्रवासाला निघताना निवेदकाला या मित्राचा आधार वाटत असतो तो एकाच कारणाने: गडी धट्टाकट्टा आहे आणि त्याला कल्पनाशक्ती नाही. जे दिसतं तेवढंच तो मानतो. आणि आता हाच माणूस घाबरला आहे. बरोबरचा सगळ्यात खंबीर माणूस आधी कोसळायला लागला की आपल्या पायाखालचं काय उरतं?

दुसरा प्रसंग भाकरीचा, म्हणजे पावाचा. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी मित्र शिध्याची पिशवी जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर उपडी करतो. पाव नाही. दोघं एकमेकांकडे बघतात. मग निवेदक जोरजोरात हसायला लागतो, कारण त्याला आठवतं की प्रेसबुर्गच्या दुकानात पाव घ्यायचा तोच विसरला होता. काय सुटका! मित्र हलकेच म्हणतो, ओटचं पीठही सकाळपेक्षा कमी झालंय.

एवढंच. पीठ कमी झालंय. मी हे वाचलं तेव्हा घरात सगळे झोपले होते आणि मी उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा पडतो. वाचणाऱ्याला वाटतं, आता बरं. तर वाऱ्याच्या आवाजाखाली जो आवाज दबलेला होता तो ऐकू यायला लागतो. लांबून घंटा घुमावी तसा, पण कुठून येतोय ते ठरवता येत नाही. वरून येतोय की पाण्यातून, की आपल्याच आत वाजतोय. हा परिणाम साधायचा तर आधी वाऱ्याची पानंच्या पानं लिहावी लागतात. ती पानं गाळली तर वारा पडण्याला काही किंमत उरत नाही. म्हणून म्हटलं, सुरुवात घाईने उलटू नका.

---

रानवाट

+१. वल्ह्याच्या जागी मीही वाचणं थांबवलं होतं आणि परत मागे जाऊन होडीचं आधीचं वर्णन वाचलं होतं.

---

डॅन्यूबकाठ

इथे लिहायलाच हवं. मी अकरा वर्षं व्हिएन्नात राहतोय, आणि ही गोष्ट मला इथल्या सहकाऱ्याने वाचायला दिली. तोवर लेखकाचं नावही माहीत नव्हतं.

सुरुवातीला ज्या गावांची नावं येतात, फिशामेंड, ओर्थ, पेट्रोनेल, हाईनबुर्ग, ती सगळी खरी आहेत. पेट्रोनेल म्हणजे रोमनांचं कार्नुन्टुम. सम्राट मार्कस ऑरेलियसची छावणी तिथे होती आणि त्याच्या चिंतनवहीचा काही भाग त्याने तिथे लिहिला. तिथले अवशेष आजही बघायला मिळतात. लेखकाने हे काही घरात बसून लिहिलेलं नाही. तो स्वतः होडीतून डॅन्यूबने उतरला होता आणि त्या प्रवासावर १९०१ साली 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये त्याचा लेख आला होता. गोष्ट त्यानंतर सहा वर्षांनी.

एक गोष्ट मी स्वतः करून पाहिली आहे. गोष्टीत लिहिलंय की होडीत बसल्यावर खालून एक बारीक सळसळ ऐकू येते, नदी तळाचे खडे ओढत नेते त्याची. मला ती कविकल्पना वाटली होती. हाईनबुर्गजवळ मित्राच्या होडीत बसलो होतो तेव्हा त्याने वल्हवणं थांबवलं आणि मला तळाला कान लावायला सांगितला. तव्यावर बारीक मीठ पडत राहावं तसा आवाज, सलग, न थांबणारा. वर पाणी अगदी शांत दिसत होतं. मी कान उचलला आणि परत लावला, असं तीन-चार वेळा केलं.

व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हाच्या मधला नदीकाठ आज राष्ट्रीय उद्यान आहे, १९९६ पासून. १९८४ च्या हिवाळ्यात हाईनबुर्गला वीजप्रकल्प होणार होता, तेव्हा हजारो लोक थंडीत त्या पूरवनात जाऊन बसले आणि तो प्रकल्प थांबला. पण गोष्टीतलं बेट त्याच्या खाली, ब्रातिस्लाव्हाच्या पुढे आहे, आणि तो भाग टिकला नाही. १९९२ साली गाब्चिकोवो वीजप्रकल्पासाठी नदीचं बहुतेक पाणी एका कालव्यात वळवलं. स्लोव्हाकिया आणि हंगेरीचा तो वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला, निकाल १९९७ मध्ये लागला. जुन्या पात्रात पाणी कमी झालं, कितीतरी फाटे सुकायला लागले, पुढे काहींत मुद्दाम पाणी सोडावं लागलं.

त्यामुळे मी ही गोष्ट दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मला भीतीबरोबर दुःखही झालं. त्यात जी नदी आहे, लहान मुलीसारखी डोनाएशिंगेनच्या बागेत निघणारी, पुढे इन नदीशी भांडणारी, पुरात कुणाचंच न ऐकणारी, ती ब्रातिस्लाव्हाखाली आता तशी राहिलेली नाही.

---

काठावरची

डॅन्यूबकाठ, तुमच्या प्रतिसादासाठीच हा धागा काढला होता असं आता वाटतंय. तव्यावरच्या मिठाचा आवाज डोक्यातून जात नाहीये.

---

पंचगंगावेस

मी भयकथा वाचत नाही. धाग्याचं नाव बघून आलो आणि नदीचं वाचून थांबलो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही कोल्हापुरात होतो. घराच्या पायऱ्यांवर आम्ही विटेने खूण केली होती. दर तासाला बॅटरी घेऊन बघायचं, पाणी किती पायऱ्या चढलं. वीज नव्हती. पुराचा आवाज मोठा असेल असं लोकांना वाटतं. रात्री गल्लीत शिरलेलं पाणी आवाज करत नाही. भिंतीला हलकेच चाटल्यासारखा आवाज येतो, आणि मध्येच कुणाची तरी भांडी कुठेतरी एकमेकांना लागतात. सकाळी खूण पाण्याखाली होती.

वरच्या गोष्टीत बेट लहान होत जातं का?

---

काठावरची

हो. सकाळी उठल्यावर मित्र जी बातमी देतो त्यात हेही असतं, की नदी अजून चढतेय आणि बेट कालच्यापेक्षा लहान झालंय. आणि त्याच वेळी निवेदकाला वाटतं की झुडपं तंबूच्या जवळ सरकली आहेत. एकीकडून पाणी, दुसरीकडून झाडं.

तुमची विटेची खूण वाचून अंगावर काटा आला. तुम्ही ही गोष्ट वाचलीत तर ती तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल. पण वाचाच असा आग्रह मी करणार नाही.

---

रानवाट

एक प्रश्न. बेटावर जे आहे ते नक्की काय आहे? मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा वेगळं वाटलं. आमच्याकडे नदीच्या डोहाशी साती आसरा असतात. शेंदूर लावलेले सात दगड, दहीभाताचा नैवेद्य, ओटी भरायची. आजी सांगायची, डोहात उतरण्याआधी आसरांचं स्मरण कर. मला वाटलं तसंच काहीतरी, त्या जागेच्या देवता.

---

काठावरची

रानवाट, या एका प्रश्नासाठी ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचते.

निवेदकालाही आधी हेच वाटतं. पहिल्या रात्री तो तंबूबाहेर येतो आणि झुडपांच्या शेंड्यांतून काहीतरी वर चढताना बघतो. प्रचंड, कांस्यरंगी, एकमेकांत मिसळणाऱ्या आकृत्या, आभाळाकडे जाणारा खांबच जणू. आणि त्याला आधी भीती वाटत नाही, नमस्कार करावासा वाटतो. त्याला वाटतं, या जागेच्या जुन्या देवता असतील, किंवा निसर्गाच्या शक्ती.

दुसऱ्या रात्री शेकोटीजवळ मित्र त्याला सांगतो की तसं नाही. जुने देव असते तर बरं झालं असतं, कारण देवांचा माणसाशी संबंध असतो. त्यांना पूजा लागते, बळी लागतो. इथे जे आहे त्याचा माणसाशी काहीही संबंध नाही. त्यांची जागा आणि आपली जागा या एका ठिकाणी योगायोगाने एकमेकींना चिकटली आहे, आणि आपण चुकून तिथे तंबू ठोकला आहे.

आता तुमच्या आजीच्या आसरांकडे बघा. आसरांचं भय असतंच, पण त्यांच्याशी बोलता येतं. नवस बोलता येतो, ओटी भरता येते, चुकलं तर कान पकडता येतात. राग आला तर तो का आला हे कुणीतरी सांगू शकतं. आपल्या बहुतेक भुताखेतांचंही तसंच आहे. मुंज्याची इच्छा अपुरी राहिलेली असते, हडळीचं काहीतरी दुःख असतं, चकवा वाट चुकवतो पण उजाडलं की सोडतो. प्रत्येकाशी काही ना काही देणं-घेणं आहे. नारायण धारपांच्या गोष्टी वाचत आपण मोठे झालो, त्यांत कितीही अमंगळ शक्ती आली तरी समोर त्यांचे नायक समर्थ उभे असायचे. दोन बाजू असायच्या.

या बेटावर दुसरी बाजूच नाही. नवस बोलायचा तर कुणापुढे? मित्राने सुचवलेला एकमेव उपाय ऐका: गप्प राहायचं, लहान व्हायचं, त्यांच्या लक्षात यायचं नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांचा विचार करायचा नाही, कारण विचार केला की त्यांना आपला माग लागतो. एखाद्या गोष्टीचा विचार करू नको असं सांगितल्यावर माणूस दुसरं काय करणार? तुम्ही ते पान वाचत असता तेव्हा तुम्हीही त्यांचाच विचार करत असता.

मला ही भीती नवीन होती. आपल्या गोष्टींमध्ये अमंगळाला आपण हवे असतो. इथे आपण कुणाला नको आहोत, हवेही नाही. चुकून पायाखाली आलेल्या मुंगीसारखे आहोत.

---

रानवाट

हे वाचून आजीचा दहीभात वेगळाच वाटायला लागला. धन्यवाद.

---

माळरान

त्या धाग्याचा मूळ विषय 'डार्क फँटसी'चा होता ना? ही तर शुद्ध भयकथा वाटतेय.

---

काठावरची

नावांवरून मी भांडणार नाही. दुसरं जग आपल्या जगाला चिकटलेलं आहे आणि मधला पडदा पातळ झालाय, ही कल्पना अद्भुताची आहे. ती वापरलीय भयासाठी. कुठल्याही कप्प्यात ठेवा, वाचा म्हणजे झालं.

---

पहिलीओळ

वाचली! काल रात्री साडेअकराला सुरू केली, अडीचला संपवली. शब्दकोश फक्त सुरुवातीला लागला. पहिली दोन पानं ताईंनी सांगितलं तशी मोठ्याने वाचली, आईने विचारलं कुणाशी बोलतेयस.

वाळूतल्या खळग्यांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? बेटावर वाळूत सगळीकडे नरसाळ्याच्या आकाराचे खळगे पडलेले असतात, काही चहाच्या कपाएवढे, काही मोठ्या वाडग्याएवढे. मला वाटलं पावसाचे असतील. पुढे कळतं. मला सगळ्यात जास्त तेच लागलं, कारण पहिल्यांदा वाचताना मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

एक शंका आहे, पण ती शेवटाबद्दल आहे. विचारू का?

---

काठावरची

खळगे मी मुद्दाम सांगितले नव्हते, ते तुझे तुला सापडावेत म्हणून.

विचार. ज्यांनी अजून वाचली नाही त्यांनी कृपया इथे थांबा आणि वाचून मग या. पुढे शेवटाबद्दल बोलणार आहोत.

---

पहिलीओळ

शेवटी ते दोघं वाचतात, कारण त्यांच्याऐवजी दुसरं कुणीतरी सापडतं. मित्रच म्हणतो, आपल्या जागी त्यांना बळी मिळाला. सकाळी मुळांत अडकलेलं प्रेत दिसतं. एका शेतकऱ्याचं. काही तासांपूर्वीच गेलेला. त्याच्या अंगावर तेच खळगे.

मला त्या माणसाचं खूप वाईट वाटलं. हे दोघं हौशीने फिरायला आलेले. प्रेसबुर्गच्या दुकानात हंगेरियन अधिकारी त्यांना सांगतो की पुढे जाऊ नका, पूर ओसरला तर अडकून पडाल, उपाशी मराल. तरी हे जातात. आणि मरतो कोण, तर तिथला गरीब माणूस. गोष्ट त्याच्यासाठी एक पानही थांबत नाही. हे लेखकाला दिसलं नाही का?

---

चष्मेवाली

पहिलीओळ, तुझा प्रश्न वाचून मी आज दुपारी ती पुन्हा काढली आणि या वेळी पूर्ण वाचली. सुरुवातीबद्दलचं माझं मत मी मागे घेते. वारा पडतो त्या पानाला मला कळलं की आधी मी काय सोडून दिलं होतं. पण तू म्हणतेस ते खरं आहे. त्यांचा सुटकेचा श्वास ऐकवत नाही.

---

काठावरची

पहिलीओळ, मी ही गोष्ट कितीतरी वेळा वाचली आहे आणि हा प्रश्न मी इतका सरळ कधी विचारला नव्हता.

लेखकाला दिसलं की नाही, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. तो त्याच्या काळाचा, त्याच्या वर्गाचा माणूस होता. वाटेतल्या लोकांबद्दल लिहिताना ते जागोजागी जाणवतं. पण पानावर जे आहे ते असं: त्यांना त्या माणसाला नीट पुरायचं असतं. ते त्याच्यापर्यंत पोचतात, हात लागतो, आणि त्या क्षणी घुमणारा आवाज एकदम उठतो आणि वर आभाळात निघून जातो, जणू काम चालू असताना कुणी मध्ये आलं. मग प्रवाह प्रेत ओढून नेतो. पाण्यात ते उलटंपालटं होत जाताना पाणमांजरासारखं दिसतं. आणि गोष्टीच्या सुरुवातीला, पहिल्या संध्याकाळी, ते एक पाणमांजर बघतात तेव्हा त्यांना आधी बुडालेला माणूसच वाटलेला असतो. मग पाणमांजर आहे असं कळल्यावर ते हसतात.

ते हसणं शेवटच्या ओळीनंतर मला फार लागतं. त्या माणसाला मातीसुद्धा मिळत नाही.

---

डॅन्यूबकाठ

पाणमांजरानंतर लगेच होडीतला माणूस येतो. सपाट तळाची होडी, मावळतीचा उजेड, प्रवाहाच्या भयंकर वेगात तो जातोय आणि यांच्याकडे बघून हातवारे करतोय, ओरडतोय. वाऱ्यामुळे एकही शब्द ऐकू येत नाही. मग तो स्वतःवर क्रूसाची खूण करतो आणि दिसेनासा होतो. निवेदक म्हणतो, अंधश्रद्धाळू गावकरी असेल, आपल्याला भुतं समजला असेल.

पहिलीओळ, तुमचा प्रश्न वाचल्यावर ते पान परत काढलं. बेटावर पाऊल पडल्यापासून त्या दोघांच्या काळजीने कुणी ओरडलं असेल तर तो एकटाच. तो काय सांगत होता, हे गोष्टीत शेवटपर्यंत कुठेही येत नाही.

---

पहिलीओळ

सकाळचं प्रेत त्याचंच होतं का?

---

डॅन्यूबकाठ

गोष्ट सांगत नाही. प्रेत शेतकऱ्याचं, एवढंच. होडीतल्या माणसाचा चेहरा संध्याकाळच्या उजेडात त्यांना नीट दिसलेलाच नसतो.